पंप गेला की करंट अडला?

"गाडी सुरूच नाही होऊन राहिली, भाऊ!" कुही, मांढळ, वेलतूर या पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजवर हे वाक्य ऐकू येतं. हल्ली त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं, "पंप गेला." नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा इकडच्या माणसाचा दुचाकीवरचा भरवसा आणखी वाढला. अशा माणसाला चांगला पंप काढून नवा घ्यायला लावणं म्हणजे त्याच्या महिन्याच्या हिशेबावरच घाला. म्हणून मित्रांनो, हा विषय आपण मेकॅनिकलवाल्यांनी आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनीही नीट समजून घ्यायला हवा.

मॉड्यूलमध्ये असतं काय?

कार्ब्युरेटरच्या दुचाकीत पेट्रोल टाकीतून आपल्याच वजनानं खाली यायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या पेट्रोल दुचाकीही इंजेक्शनवर गेल्या. इंजेक्टरला पेट्रोल दाबानं लागतं. दुचाकीत हा दाब साधारण ३ बार, तर बऱ्याच कारमध्ये ३ ते ४ बार असतो. त्यासाठी टाकीत एक मॉड्यूल बसवतात. त्यात तळाची जाळी, छोटी डीसी मोटर व पंप, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर, दाब धरून ठेवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि बहुतेक गाड्यांत पेट्रोलची पातळी सांगणारा फ्लोट असतो. मोटर थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना रोज रिझर्व्हवर गाडी हाकणं मोटरला म्हणूनच महागात पडतं.

तपासणीचा क्रम

१. कान लावा. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद टाकीतून बारीक 'सूंऽऽ' आवाज यायला हवा. दुचाकीत आधी किल स्विच पाहा.

२. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले तपासा. शेजारी त्याच नंबरचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा.

३. आता खरी गंमत. कपलर काढून मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणजे 'करंट बरोबर, पंप खराब' असं ठरवून मोकळे होऊ नका! मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे खराब जोडही त्याला दिसत नाही. समजा अर्थच्या जोडावर गंज चढून ०.५ ओहम रोध आला आणि पंप ४ अँपिअर ओढतोय. ओहमच्या नियमानं तिथेच २ व्होल्ट खर्च झाले! पंप मंद फिरणार, दाब पडणार आणि बदनाम होणार पंप. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, मागून प्रोब लावून, पंप चालू असतानाच मोजा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा पंपाच्या अर्थ वायरवर. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड साफ करा. पॉझिटिव्ह बाजूही अशीच बघा. दोन-तीन सेकंदच मिळतात, म्हणून चावी फिरवायला रूममेटला उभा करा.

४. व्होल्टेज पुरेसं आहे आणि तरी पंप मुका, तर मात्र पंप गेला. आवाज येतो पण गाडी ओढत नाही, तर प्रेशर गेज लावा आणि आकडा सर्व्हिस मॅन्युअलशी ताडा. कमी असेल तर जाळी, फिल्टर, रेग्युलेटर किंवा झिजलेला पंप. चावी बंद करताच दाब झपकन उतरला, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर.

पाण्याची भानगड

इथेनॉल पाणी ओढून घेतं. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी मर्यादेबाहेर गेलं की पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि जाळीही तळाशीच! पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून साफ करा, नाहीतर नवा पंपही तेच पाणी पिणार.

उघडण्यापूर्वी

हे काम होस्टेलच्या खोलीत नाही, मोकळ्या हवेत करा. आधी फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधला दाब उतरेल. गाडी सुरूच होत नसेल तर जोडावर कापड धरून तो हळूहळू सैल करा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बिडी, काडेपेटी, मोबाईल दूर. ड्राय पावडरचं अग्निशामक जवळ. पंप बाहेर काढून थेट बॅटरीवर फिरवून बघू नका. कोरडा पंप खराब होतो आणि पेट्रोलच्या वाफेत एक ठिणगी पुरते.

बऱ्याच मॉडेल्सची जाळी, फिल्टर किंवा नुसती मोटर वेगळी मिळते. सगळं मॉड्यूल घेण्यापूर्वी दुकानात चौकशी करा. झाकणाची रबरी रिंग मात्र प्रत्येक वेळी नवीच टाका.

सुट्टीत गावी गेल्यावर शेजारच्या काकांची गाडी अडली, तर पान्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. पहिल्या वर्षी पाठ केलेला ओहमचा नियम एखाद्याचे दोन-चार हजार वाचवू शकतो!