नाकातून दूध येतं का, ते विचार

पोरी, उद्यापासून तू स्वतःच्या दवाखान्यात बसशील. एक आजार मनात धरून बस. बाविसाव्या गुणसूत्राचा जेमतेम तीस लाख अक्षरांचा तुकडा गळतो आणि मूल अर्धवट अर्धवट ओळख देत फिरतं. हृदयवाल्याला टेट्रालॉजी दिसते, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला गेंगाणा आवाज, बाईंना वर्गात मागे पडणारं पोर. सगळं एकत्र बघायचं काम तुझं. सुमारे 4000 जन्मांत एक, म्हणजे तुझ्या दारी येणारच.

आईला विचार, दूध नाकातून येतं का. आया हे आपणहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं आपलंच पाजायचं चुकतंय. तुझ्यासमोर पाजायला सांग. नाकाखाली धरायला ओलं फडकं तिनं आधीच मांडीवर घेतलेलं असेल, तर अर्धं उत्तर तिथंच मिळालं. मग बोट घालून टाळू चाचप. वरून अखंड दिसणाऱ्या कातडीखाली फट असू शकते. आणि टाळू बघितल्याशिवाय अ‍ॅडेनॉइड काढायला होकार देऊ नकोस. टाळू आणि घशाची मागची भिंत यांच्यातली उरलेली जागा तेच बुजवत असतं, काढलं की बोलणं आणखी बिघडतं.

या आजारात कॅल्शियम घसरू शकतं, म्हणून नवजात बाळाला आकडी आली की कॅल्शियम पहिल्या तासात बघ. मी एकदा दोन दिवस आकडीची औषधंच देत राहिलो. तिसऱ्या दिवशी कॅल्शियम बघितलं, निम्म्यावर आलेलं. छातीवर कान ठेवला तर मर्मर होती, ती आधीही असणारच. ते बाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

या मुलांची थायमस ग्रंथी कधी लहान, कधी नसतेच. आपल्याकडे बीसीजी आणि पोलिओचे थेंब जन्मतःच देतात. संशय आला तर टी पेशी मोजून होईपर्यंत जिवंत लस थांबव, आणि ऑपरेशनला इरॅडिएटेड रक्तच मागव.

कॅरिओटाइप नॉर्मल आला म्हणून फाइल मिटू नकोस. एवढा बारीक तुकडा त्यात दिसत नाही. चित्र ठळक असेल आणि घरची ओढाताण असेल, तर आधी फिश किंवा एमएलपीए कर. त्यात काही निघालं नाही आणि संशय जात नसेल, तर मायक्रोअ‍ॅरे.

रिपोर्ट सांगताना दोघांना बसव. दहातल्या नऊ मुलांत हा बदल नव्यानंच झालेला असतो, कुणाच्या घराण्यातून आलेला नसतो. हे सासूच्या कानावर पडेल असं सांग. तरी दोघांचीही तपासणी कर. आईवडिलांपैकी एकाचाही तो तुकडा गळलेला निघाला, तर पुढच्या प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता. आई बोलत असताना तिचा आवाजही नीट ऐक.