निर्वाळा मिळूनही न सुटणारी धास्ती

तालुक्याच्या गावी नोकरी करणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणावा. वय सत्तावीस-अठ्ठावीस, लग्न ठरलेले. दोन वर्षांपूर्वी शहरात असताना घडलेल्या एका प्रसंगाची आठवण त्याला एके दिवशी एकाएकी अस्वस्थ करते. त्याच सुमारास घसा दुखू लागतो, अंगात कणकण वाटते. तो धीर करून एचआयव्हीची चाचणी करून घेतो. अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. आठ दिवस बरे जातात. नवव्या दिवशी शंका येते : आपल्या रक्ताची नळी दुसऱ्या कोणाच्या नळीशी बदलली तर नसेल? तो दुसऱ्या गावी जाऊन चाचणी करतो, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग एखाद्या खाजगी प्रयोगशाळेत. पाच अहवाल कपाटाच्या तळाशी जमतात, पाचही निगेटिव्ह. तरीही तो रोज आरशासमोर जीभ काढून पाहतो, मानेवरच्या गाठी चाचपतो. लग्नाची तारीख तो दोनदा पुढे ढकलतो आणि त्याचे कारण कोणालाच सांगत नाही.

अशा व्यक्ती चाचणी केंद्रांतील समुपदेशकांना अपरिचित नाहीत. त्यांना विषाणूची बाधा झालेली नसते; परंतु म्हणून त्यांना काहीच झालेले नाही, असे म्हणणेही तितकेच चुकीचे होय. त्यांचा आजार वेगळा आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. तो ओळखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर प्रथम येऊन पडते ते बहुधा डॉक्टर नसतात. ते शाळेतील शिक्षक, कार्यालयातील वरिष्ठ किंवा गावातील पंचायत सदस्य असतात. म्हणूनच या विषयाची माहिती त्यांना असणे अगत्याचे आहे.

चाचणीच्या निर्णयावर कितपत विसंबावे?

एचआयव्हीचा शरीरात शिरकाव झाला की त्याच्याशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. चाचणीत मुख्यतः ही प्रतिपिंडे शोधली जातात. काही चाचण्यांत विषाणूचा एक अंशही, म्हणजे प्रतिजनही, शोधला जातो. प्रतिपिंडे चाचणीत दिसण्याइतकी तयार होण्यास काही काळ लागतो. या मधल्या काळास ‘विंडो पिरियड’ असे म्हणतात. शिरेतून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत केलेली प्रतिजन-प्रतिपिंड चाचणी सर्वसाधारणपणे १८ ते ४५ दिवसांत बाधा दाखवू शकते. जलद प्रतिपिंड चाचणीस २३ ते ९० दिवस लागू शकतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, धोक्याचा प्रसंग घडून तीन महिने उलटल्यावर केलेली चाचणी निगेटिव्ह आली आणि दरम्यान नवा धोका पत्करला गेला नसेल, तर वैद्यकीय दृष्ट्या तो प्रश्न तेथेच मिटतो. त्या काळात कोणी एचआयव्हीप्रतिबंधक औषधे घेत असल्यास मात्र चाचणी केव्हा करावी हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शासकीय केंद्रांत ‘पॉझिटिव्ह’ असा अंतिम निर्णय देण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या चाचण्या केल्या जातात. ‘निगेटिव्ह’ हा निर्णय मात्र पहिल्याच चाचणीवर दिला जातो. शंकेखोर मनास हे विपरीत वाटते. वास्तविक पहिली चाचणी मुद्दामच अतिसंवेदनशील निवडलेली असते. ती चुकलीच, तर नसलेली बाधा दाखविण्याच्या बाजूने चुकण्याचा संभव अधिक; असलेली बाधा तिच्या नजरेतून सुटणे अत्यंत दुर्मिळ. म्हणून जिच्यात बाधा दिसली तिची फेरतपासणी करावी लागते आणि जिच्यात ती दिसली नाही तिची करावी लागत नाही. निगेटिव्ह अहवाल एकाच चाचणीवर दिला जातो, तो हलगर्जीपणामुळे नव्हे, तर त्या चाचणीवर विश्वास असल्यामुळे.

मग लक्षणे खोटी असतात काय?

लक्षणे खोटी नसतात. घसा दुखतो तो खरोखरच दुखतो. परंतु ताप, अंगावरील पुरळ, थकवा, जुलाब, मानेतील गाठी ही लक्षणे अनेक साध्या आजारांत आढळतात आणि केवळ त्यांवरून एचआयव्हीचे निदान कोणताही डॉक्टर करू शकत नाही. त्यात चिंतेची भर पडते. चिंतेने झोप उडते, अन्नावरची वासना जाते, वजन घटते, छातीत धडधडते, घाम सुटतो, पोट बिघडते. भयग्रस्त व्यक्ती नेमकी हीच चिन्हे रोगाचा पुरावा म्हणून मोजू लागते. मानेवरची गाठ दिवसातून वीस वेळा दाबली तर ती हुळहुळी होते आणि मग तिच्या दुखण्याने शंका बळावते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

या विकारास पूर्वापार ‘हायपोकॉन्ड्रियासिस’ असे नाव आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात ‘आजाराविषयीच्या चिंतेचा विकार’ अशी त्याची नवी नोंद केली. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात त्याचा समावेश, मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात, त्या विकाराच्या गटात करण्यात आला आहे. ही जागा अर्थपूर्ण आहे. हात स्वच्छ असूनही पुनःपुन्हा धुणारी व्यक्ती आणि अहवाल स्वच्छ असूनही पुनःपुन्हा रक्त देणारी व्यक्ती, या दोघांची व्यथा एकाच जातीची आहे.

निर्वाळ्याचे व्यसन

एक निगेटिव्ह अहवाल पुरला नाही तर दुसरा पुरेल, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात घडते ते उलट. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस आणि मानसोपचारतज्ज्ञ हिलरी वॉर्विक यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या प्रक्रियेची उकल केली. प्रत्येक निर्वाळ्याने काही काळ हायसे वाटते. परंतु त्यामुळे ‘शंका आली की निर्वाळा मिळवायचा’ ही सवय पक्की होते, आणि शंकेसह राहण्याची मनाची शक्ती क्षीण होत जाते. खाजेवर नखे फिरविल्याने क्षणभर बरे वाटावे आणि जखम वाढावी, तसाच हा प्रकार. शंभर टक्के खात्री ही जगात कोणत्याच गोष्टीची मिळत नाही. रुग्ण मात्र तीच मागत असतो. सहावी चाचणी त्याला ती देऊ शकत नाही, कारण पाचवीनेही ती दिलेली नसते.

भीतीचे मूळ

रोग तर पुष्कळ आहेत. मग हीच भीती एवढी खोल का जाते? याचे उत्तर रोगात कमी आणि समाजाच्या वर्तनात अधिक आहे. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नई, म्हणजे तत्कालीन मद्रास येथे झाली. तो शोध लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले होते. त्या काळी या रोगावर प्रभावी औषध नव्हते. अनेक देशांनी लोकशिक्षणासाठी भयाचाच आधार घेतला. ब्रिटनमध्ये १९८७ साली दूरचित्रवाणीवरून थडग्याच्या दगडाचे चित्र दाखविण्यात आले. सावधगिरी निर्माण झाली हे खरे, परंतु रोगाबरोबर रोग्याचीही भीती जनमनात रुजली. त्यात लैंगिक वर्तनाविषयीच्या अपराधभावनेची भर पडली. या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची सोय समाजात पूर्वीपासूनच थोडी; रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले ते हीच उणीव भरून काढण्यासाठी, आणि त्यापायी त्यांना खटले सोसावे लागले.

आज परिस्थिती पार बदलली आहे. १ एप्रिल २००४ पासून शासनातर्फे एआरटी औषधे मोफत देण्यास प्रारंभ झाला. ती नियमित घेणारी व्यक्ती दीर्घकाळ कामकाज करीत जगू शकते. रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली आले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून तिच्यापासून बाधा होत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशातील प्रौढांत बाधेचे प्रमाण ०.२० टक्के आहे. हा विषाणू डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने किंवा सामायिक शौचालयाने पसरत नाही. डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी शोषलेले रक्त नव्हे. शिवाय त्याच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही.

एवढे असूनही भयग्रस्त तरुणास झोप येत नाही, कारण तो मरणाला जितका भितो, त्याहून अधिक लोकांना भितो. ज्या गावात बाधित व्यक्तीचे पाणी तोडले जाते, तेथील निरोगी माणूसही निर्धास्त राहू शकत नाही. बाधितांशी माणुसकीने वागणे आणि निरोग्यांची भीती घालविणे ही दोन कार्ये नव्हेत. ते एकच कार्य आहे.

उपचार कोणते?

या विकारावर संज्ञानात्मक वर्तनोपचार ही पद्धती गुणकारी ठरली आहे. इंग्लंडमधील सर्वसाधारण रुग्णालयांत ४४४ रुग्णांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थोड्याच बैठकांच्या या उपचाराने आरोग्यविषयक चिंता टिकाऊ रीतीने कमी झाल्याचे दिसून आले. उपचाराचा गाभा समजण्यास सोपा आहे. भीतीचा विचार व वस्तुस्थिती यांतील फरक वहीत लिहून पाहावयाचा. शरीर तपासण्याची ऊर्मी आली की प्रथम दहा मिनिटे, मग अर्धा तास, मग दिवसभर थांबावयाचे. नवी चाचणी करावयाची नाही आणि घरच्यांकडे निर्वाळा मागावयाचा नाही. न तपासताही अस्वस्थता आपोआप ओसरते, हा अनुभव एकदा आला की भीतीचा जोर कमी होऊ लागतो. आवश्यकतेनुसार मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात.

मानसोपचार म्हणजे ठाणे किंवा येरवडा, ही समजूत अद्याप अनेकांच्या मनातून गेलेली नाही. या विकारासाठी सामान्यतः मनोरुग्णालयात दाखल होण्याचे कारण नसते; बाह्यरुग्ण विभागात येऊन-जाऊन उपचार घेता येतात. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे त्यासाठी जावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. एचआयव्हीविषयक शंकांसाठी १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

पहिली गोष्ट, हसू नये. ‘तुझ्या डोक्यातले खूळ आहे’ या शब्दांनी भीती जात नाही. ती फक्त मनात दडते. दुसरी, प्रत्येक वेळी नव्याने निर्वाळाही देत बसू नये. ‘अहवालाचे उत्तर तुला डॉक्टरांनी दिले आहे. आता त्रास होतो आहे तो भीतीचा. त्यावरही इलाज आहे, मी तुझ्याबरोबर येतो’ एवढे बोलणे पुरेसे असते. तिसरी, गुप्तता कसोशीने पाळावी. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार संमतीवाचून चाचणी करता येत नाही, संमतीवाचून एखाद्याची स्थिती उघड करता येत नाही, आणि नोकरी किंवा शिक्षणासाठी चाचणीची पूर्वअट घालता येत नाही. चौथी, बसस्थानकाच्या भिंतीवरील ‘गुप्तरोगांवर हमखास इलाज’ या जाहिरातींपासून अशा व्यक्तीस दूर ठेवावे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अशा जाहिरातींस मनाई आहे. भयग्रस्त माणूस हे त्यांचे सर्वांत सोपे भक्ष्य होय.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जगण्यात अर्थ नाही, घरच्यांवर कलंक नको, अशी भाषा कानी पडली तर ती वरवरची समजू नये. अशा व्यक्तीस एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

ज्यांनी खरोखर धोका पत्करला आहे त्यांना मात्र चाचणीस अवश्य पाठवावे. प्रसंग अगदी ताजा असल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे, कारण त्या मुदतीत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधे उपलब्ध आहेत. योग्य वेळी केलेली चाचणी हे कर्तव्य होय. उत्तर मिळाल्यावर केलेली सहावी चाचणी हे मात्र आजाराचे लक्षण होय. हा फरक ज्या शिक्षकास, ज्या अधिकाऱ्यास, ज्या पंचायत सदस्यास कळला, त्याच्या एका शब्दाने कपाटाच्या तळाशी दडविलेले पाच कागद एखाद्या समुपदेशकाच्या टेबलावर येऊ शकतील आणि अडून राहिलेले एक लग्न वेळेवर लागू शकेल.