जेसीबी थांबव, मग बोलू

अगं, परवा फोनवर तू सहज म्हणून गेलीस, "ताई, जेसीबी सांगून ठेवलाय, अर्ज काय मागाहून टाकू," आणि तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. त्या जेसीबीवाल्याला आधी थांबव. भावोजी चिडतील, चिडू देत. मी सांगितलं म्हणून सांग.

तुमचं ते खाडीकडचं शेत मी पाहिलंय ना. खारबंदिस्तीला खांड गेली, उधाणाचं पाणी आत शिरलं आणि भात बंद झालं. पडीक आहे, तर तळं करू, कोळंबी टाकू, हा विचार चुकीचा नाहीच. पण गेल्या खेपेला मी बांधावरून चालले तेव्हा चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं शेकड्यांनी उभी होती. ती तिवराची, बाई. तुला ती झुडपं वाटतात, कायद्याला ते कांदळवन वाटतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 सालीच सांगून ठेवलंय की कांदळवन तोडायचं नाही आणि त्याच्या भोवतीच्या 50 मीटरांतही बांधकाम करायचं नाही. सातबारा घरचा आहे, हे तिथे चालत नाही. तेव्हा आधी शेताचा कुठला तुकडा तिवरांपासून खरंच मोकळा आहे ते बघ. वरच्या अंगाचा, आंब्याखालचा, मला वाटतं, निघेल.

आता परवानगीचं. गोड्या पाण्याचं शेततळं करून रोहू-कटला सोडणार असशील तर गोष्ट सोपी, मत्स्यव्यवसाय विभागातच बोलायचं. खाडीचं पाणी आत घेणार असशील तर मात्र 2005 चा कायदा लागू होतो आणि नोंदणी चेन्नईच्या तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे करावी लागते. घाबरू नकोस, तुला चेन्नईला जायचं नाही. कागद अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्यायचे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तिथून ते पुढे जातात. नोंदणी मिळते पाच वर्षांची. विनापरवाना तळं चालवलं तर पूर्वी तीन वर्षांपर्यंतची कैद होती. 2023 च्या दुरुस्तीने कैद गेली, दंड राहिला. व्हेनामी कोळंबी करायची तर तिची परवानगी आणखी वेगळी.

हे सगळं साहेब लोकांनी छळायला काढलेलं नाही हं. नव्वदच्या दशकात तामिळनाडू-आंध्रात कोळंबीची तळी अशी बेफाम वाढली की शेजारच्या विहिरी खारट झाल्या, भातशेतं गेली. एस. जगन्नाथन नावाचे गांधीवादी कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर 1996 मध्ये न्यायालयाने किनाऱ्यावरची तळी मोडायचा आदेश दिला. तुझ्या तळ्याच्या खालच्या बाजूला कुणाची विहीर आहे, आठव बरं. ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्याला हरकत घेणारी पहिली बाई तीच असेल, आणि तिचं चुकणारही नाही.

माझा अनुभव सांगते, हसू नकोस. माझी फाइल एका कार्यालयातून परत आली ती पाण्यामुळे नाही, मातीमुळे नाही, सातबाऱ्यावर वारलेल्या आत्याचं नाव तसंच होतं म्हणून. वारस नोंद होईपर्यंत एक अख्खा पावसाळा गेला. तुमच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत? दोन दीर मुंबईत, एक दुबईत, शिवाय नणंदा. अर्ज तुझ्याच नावाने कर, कारण मत्स्य संपदा योजनेत महिलांना 60 टक्के अनुदान आहे, खुल्या गटातल्या पुरुषांना 40. पण मग जमीन तुझ्याकडे कशी आली त्याचा कागद हवा. घरचीच आहे म्हणून भागत नाही, भाडेकरार नोंदवून घे. आणि मंजुरीआधी खणलंस तर त्या खर्चावर अनुदान मिळेल हे धरून चालू नकोस. कुणी "साहेबांना एक जिताडा पोचवा, काम होईल" असं सुचवेल. आपल्या रायगडात ही जुनीच खोड. देऊ नकोस. बाजारात त्याचे पैसे येतात.

जिताड्यावरून आठवलं. कोळंबीचा हट्ट सोडशील का? तुमच्या म्हसळ्याला पाऊस कोसळायला लागला की खाडीचं पाणी गोडं होत जातं, आणि खाऱ्याला सरावलेली कोळंबी एकदम गोड्यात आली की मान टाकते. जिताडा खाऱ्यात राहतो, गोड्यातही राहतो. आमच्या खारेपाटात घराशेजारच्या तळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढतोय. एकच गोष्ट, तो आपल्याच भावंडांना खातो. मी पहिल्या वर्षी लहानमोठी पिल्लं एकत्र सोडली आणि दिवाळीला जाळं ओढलं तर मूठभरच मासे, पण एकेक असा माजलेला! आता दर पंधरा दिवसांनी मोठे वेगळे काढते.

तर आता कर काय, सातबारा आणि आठ-अ काढून ठेव, नकाशा काढ, खाडीच्या पाण्याची खारटी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात तपासून घे. बाकी भाडेकरारावरच्या सह्यांचं म्हणशील तर मुंबईकरांना फोनवर काही विचारू नकोस, फोनवर सगळे "बघू" म्हणतात. गणपतीला सगळे घरी येतीलच. दुसऱ्या दिवशी, आरती झाली की, पानं वाढायच्या आधी विषय काढ. कागद मात्र आधीच टाइप करून ठेव. आणि सासूबाईंना अगोदर आपल्या बाजूला घे.