शिफ्टच्या भरवशावर कर्ज काढू नका

जून उजाडला की फोन सुरू होतात. सप्टेंबरमध्ये लंडनला, लेस्टरला, कॉव्हेंट्रीला मास्टर्ससाठी निघालेल्या मुलांच्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, आठवड्याला वीस तास काम करता येतं म्हणतात. मग राहण्याखाण्याचा खर्च तिथेच निघेल ना?" एजंटने हिशेबही मांडून दिलेला असतो: ताशी किमान वेतन 12.71 पौंड, गुणिले वीस, गुणिले बावन्न. वर्षाचे तेरा हजार पौंडांच्या वर!

स्पष्टच सांगतो, या हिशेबावर कर्ज काढू नका. वीस तास ही सत्र चालू असतानाची कमाल मर्यादा आहे. तेवढं काम मिळेल, असा शब्द कोणीही दिलेला नाही.

बार, हॉटेल, गोदाम, केअर होम अशा ठिकाणची बरीच कामं 'झिरो अवर्स' करारावर असतात. करारात हमीचे तास शून्य. मालकाला गरज पडली तर तो बोलावणार. तुम्हालाही नकार देता येतो. नाताळच्या आधी शिफ्टवर शिफ्ट मिळतात आणि जानेवारीत शिफ्टच्या वेळापत्रकात नावच नसतं. घरभाडं मात्र जानेवारीतही भरावंच लागतं.

या कराराला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. सबमिशनच्या आठवड्यात शिफ्ट नाकारता येते. 2017 मध्ये मॅकडॉनल्ड्सने ब्रिटनमध्ये ठरावीक तासांचा पर्याय देऊन पाहिला, तेव्हा सुमारे 80 टक्के कर्मचारी लवचीक तासांवरच राहिले. किमान वेतन आणि पगारी रजा यांचा हक्क या करारातही आहे. आपली मुलं रजेचे पैसे मागतच नाहीत, ही गोष्ट वेगळी. दुसरीकडे काम करायला मनाई करणारी अट 2015 पासून कायद्याने निरर्थक ठरली आहे. थोडक्यात, ज्याचं पोट या कामावर अवलंबून नाही, त्याला हा करार सोयीचा आहे.

तुमच्या मुलाचं पोट त्यावर असेल, तर गणित बदलतं. दोनदा नकार दिला की तिसऱ्यांदा मॅनेजर विचारेलच, असं नाही. त्यात व्हिसाचा नियम असा, की वीस तास सोमवार ते रविवार मोजायचे, सगळ्या नोकऱ्यांचे मिळून. या आठवड्यात काम मिळालं नाही म्हणून पुढच्या आठवड्यात तीस तास केले, तर नियमभंग. मास्टर्सच्या मुलांना प्रबंधाच्या उन्हाळ्यातही सहसा हीच मर्यादा असते. सायकलवरून जेवण पोचवायचं म्हणाल, तर तो स्वयंरोजगार धरला जातो आणि विद्यार्थी व्हिसावर त्याला बंदी आहे. 2025 च्या नव्या रोजगार हक्क कायद्यात हमीच्या तासांची आणि ऐनवेळी रद्द झालेल्या शिफ्टच्या भरपाईची तरतूद आहे, पण ती 2027 मध्ये लागू करण्याचं नियोजन आहे. यंदाचा हप्ता त्यातून भरता येणार नाही.

मुलांनो, मग शोधायचं काय? कमी, पण ठरलेले तास. सुपरमार्केटमध्ये आठ-बारा तासांचे करार मिळू शकतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, विद्यार्थी संघटनेत कामं निघतात. ती आकर्षक वाटत नाहीत, म्हणून आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत. मुलाखतीत एवढंच विचारा: "आठवड्याला हमीचे तास किती?" उत्तर गोलमोल आलं, तर त्या कमाईला हातखर्च समजा.

आता पालकांसाठी. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "या आठवड्यात किती मिळाले?" हे विचारणं बंद करा. त्या प्रश्नापायी मुलं लेक्चर बुडवतात, रोखीवर जादा शिफ्ट करतात आणि व्हिसा धोक्यात घालतात. शेजाऱ्यांच्या मुलाने हप्ते तिथूनच फेडले, ही कथाही ऐकवू नका. त्याच्या रिकाम्या आठवड्यांबद्दल तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं.

व्हिसा देताना ब्रिटिश सरकार लंडनसाठी दरमहा 1,529 पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांच्या निर्वाहाची तरतूद पाहतं. त्यात मुलाच्या भावी अर्धवेळ कमाईचा एक पौंडही धरत नाही. ज्या देशात ही नोकरी मिळणार, तोच देश तिच्यावर विसंबत नाही. तुम्ही घर तारण ठेवून का विसंबता? फी आणि पूर्ण वर्षाचा खर्च हाताशी नसेल, तर एक-दोन वर्षं इथे नोकरी करून मग जाऊ द्या.