मैदान, लेखणी आणि कायदा

(क्रिकेटच्या मैदानावर कीर्ती मिळवून पुढे पत्रकार झालेल्या आणि अखेरीस कायदे करणाऱ्या सभागृहात जाऊन बसलेल्या एका इंग्लिश स्त्रीचे चरित्र या पाठात थोडक्यात सांगितले आहे. अन्यायकारक नियम चिकाटीने व सनदशीर मार्गाने कसा बदलता येतो, हे पाठ वाचताना ध्यानात घ्या.)

मनुष्याची वाट अडविणाऱ्या भिंती दोन प्रकारच्या असतात. काही भिंती लेखी नियमांच्या असतात. त्या कागदावर दिसतात, म्हणून त्यांच्याशी झगडता तरी येते. दुसऱ्या भिंती लोकांच्या समजुतींच्या असतात. त्या कोठेही लिहिलेल्या नसतात, तरीही त्या दगडी भिंतींहून भक्कम ठरतात. रेचेल हेहो-फ्लिंट या बाईंना आपल्या आयुष्यात या दोन्ही प्रकारच्या भिंती ओलांडाव्या लागल्या.

इंग्लंडच्या मध्यभागी वुल्व्हरहॅम्प्टन नावाचे एक गाव आहे. कुलपे आणि लोखंडी सामान यांच्या कारखान्यांसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तेथे ११ जून १९३९ रोजी रेचेलचा जन्म झाला. तिचे आईवडील दोघेही व्यायामशिक्षक होते, त्यामुळे खेळाची आवड घरातच होती. थोरला भाऊ आणि त्याचे मित्र यांच्याबरोबर ती रस्त्यावर क्रिकेट खेळत असे. एकदा खेळ रंगात आला असता पोलीस आले. रस्त्यात खेळून रहदारीला अडथळा केल्याबद्दल त्यांनी एकेका मुलाचे नाव वहीत टिपून घेतले. रेचेलचे नाव मात्र घेतले नाही. आपणही खेळत होतो, असे तिने आवर्जून सांगितले. त्यावर, मुली क्रिकेट खेळत नसतात, असे उत्तर तिला मिळाले! शिक्षा टळली म्हणून दुसऱ्या एखाद्या मुलीला आनंद झाला असता. रेचेलला मात्र राग आला. आपण डोळ्यांसमोर उभे असताना आपल्याला जमेसच धरले जात नाही, हे तिच्या मनाला झोंबले. ही हकीकत त्या पुढे मोठेपणी हसत हसत सांगत. परंतु त्या हसण्यामागे एक निश्चय दडलेला होता.

शालेय शिक्षण संपल्यावर डार्टफर्ड येथील व्यायाम महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले व काही काळ शिक्षिकेचे काम केले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर त्या इंग्लंडच्या संघातून पहिला कसोटी सामना खेळल्या. १९६३ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळताना त्यांनी एक चेंडू थेट सीमेपलीकडे भिरकावून दिला. स्त्रियांच्या कसोटी सामन्यांतील तो पहिला षट्कार होय. १९६६ मध्ये त्यांची कर्णधार म्हणून निवड झाली. त्यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने एकही कसोटी सामना गमावला नाही. एकूण २२ कसोटी सामन्यांत त्यांनी १,५९४ धावा काढल्या, आणि त्यांत तीन शतके होती.

एवढा पराक्रम असूनही त्याची वार्ता फारशी कोणाच्या कानी जात नसे. त्या काळी स्त्रियांच्या क्रिकेटला ना पैसा होता, ना प्रसिद्धी. खेळाडूंना प्रवासाचा खर्चदेखील पदरमोड करून भागवावा लागे. वृत्तपत्रांतून पुरुषांच्या सामन्यांची वर्णने रकानेच्या रकाने भरून येत. स्त्रियांच्या सामन्यांना चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. जी गोष्ट छापली जात नाही ती लोकांना ठाऊक होत नाही; जी ठाऊक नाही ती पाहावयास कोणी येत नाही; आणि जी पाहावयास कोणी येत नाही तिला कोणी पैसा देत नाही. हे दुष्टचक्र कोठे तोडावे? रेचेलबाईंनी ते लेखणीने तोडावयाचे ठरविले. त्या आपल्याच गावातील एका साप्ताहिकात वार्ताहर झाल्या. पुढे ‘डेली टेलिग्राफ’ या लंडनच्या प्रख्यात दैनिकासाठी त्या लिहू लागल्या. दूरचित्रवाणीवर क्रीडावार्ता देणारे सारे पुरुषच असत, अशा त्या दिवसांत आयटीव्ही या वाहिनीवर क्रीडावृत्ते देणारी पहिली स्त्री होण्याचा मानही त्यांना मिळाला. त्यांचे लिहिणे व बोलणे मिस्कील असे. तक्रारीचा सूर लावण्यापेक्षा वाचकाला हसवून आपलेसे करावे, ही त्यांची रीत होती.

लेखणीमुळे ओळखी वाढल्या आणि त्या ओळखींचा उपयोग त्यांनी खेळासाठी केला. वुल्व्हरहॅम्प्टनचेच एक धनिक, जॅक हेवर्ड, यांच्यापुढे त्यांनी स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेची कल्पना मांडली. हेवर्ड यांनी त्यासाठी ४०,००० पौंड दिले. १९७३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये सात संघांची विश्वचषक स्पर्धा भरली. पुरुषांचा पहिला विश्वचषक १९७५ मध्ये झाला, म्हणजे या बाबतीत स्त्रिया पुरुषांच्या दोन वर्षे पुढे होत्या! २८ जुलै रोजी बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर झालेल्या अखेरच्या सामन्यात इंग्लंडने ऑस्ट्रेलियाचा ९२ धावांनी पराभव केला. ईनिड बेकवेल यांनी ११८ व रेचेलबाईंनी ६४ धावा काढल्या. योगायोग असा की, त्याच वर्षी एप्रिल महिन्यात आपल्या पुण्यास मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश या तीन संघांची स्पर्धा भरली आणि भारतातील स्त्रियांच्या आंतरराज्य क्रिकेटला आरंभ झाला.

१९७६ हे वर्ष रेचेलबाईंच्या खेळातील कळसाचे ठरले. ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडचा संघ पराभवाच्या छायेत असता त्या ५२१ मिनिटे, म्हणजे जवळजवळ नऊ तास, खेळपट्टीवर पाय रोवून उभ्या राहिल्या. त्यांनी १७९ धावा काढून सामना वाचविला. त्यानंतर ४ ऑगस्ट रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर त्या इंग्लंडचा संघ घेऊन उतरल्या. क्रिकेटचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या या मैदानावर स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय सामना त्या दिवशी प्रथमच होत होता.

परंतु यशाच्या मागोमाग कडू घासही आला. या मालिकेनंतर त्यांचे कर्णधारपद काढून घेण्यात आले. १९७८ मध्ये दुसरा विश्वचषक भारतात भरला, तेव्हा ज्यांच्या खटपटीने ही स्पर्धा जन्मास आली त्यांनाच संघात स्थान नव्हते. दुसरे कोणी असते तर बॅट कायमची कोपऱ्यात ठेवून स्वस्थ बसले असते. रेचेलबाई लिहीत राहिल्या आणि खेळतही राहिल्या. वयाची चाळिशी उलटल्यावर, १९८२ च्या विश्वचषकासाठी त्या पुन्हा इंग्लंडच्या संघात आल्या.

आता त्यांच्यापुढे लेखी नियमाची भिंत उभी होती. लॉर्ड्स मैदान मेरिलीबोन क्रिकेट क्लब, म्हणजेच एमसीसी, या संस्थेच्या मालकीचे आहे. ही संस्था १७८७ मध्ये स्थापन झाली. क्रिकेटचे कायदे लिहिण्याचा व त्यांत बदल करण्याचा अधिकार याच संस्थेकडे आहे. गोलंदाजाने चेंडू कसा टाकावा, फलंदाज केव्हा बाद ठरावा, हे सारे ती ठरवीत आली. परंतु या संस्थेचे सभासद होण्याचा अधिकार केवळ पुरुषांना होता. म्हणजे ज्या कायद्यांप्रमाणे स्त्रिया मैदानावर खेळत, ते कायदे करणाऱ्यांच्या मेळाव्यात त्यांना जागा नव्हती.

१९९१ मध्ये रेचेलबाईंनी सभासदत्वासाठी अर्ज केला. आपले पूर्ण नाव न लिहिता त्यांनी केवळ आद्याक्षर घातले, म्हणजे अर्ज वाचणाऱ्याला तो पुरुषाचा की स्त्रीचा हे चटकन कळू नये! युक्ती गमतीची होती, परंतु प्रश्न गंभीर होता. सभासदांनी स्त्रियांच्या प्रवेशाची कल्पना त्या वेळी फेटाळून लावली. रेचेलबाईंनी आदळआपट केली नाही. मात्र लेखांतून, भाषणांतून आणि भेटीगाठींतून त्या हाच प्रश्न पुनःपुन्हा मांडीत राहिल्या.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पुन्हा मतदान झाले. या वेळी शंभरांपैकी छप्पन्न मते स्त्रियांच्या बाजूने पडली. निम्म्याहून अधिक मते मिळाली, तेव्हा विजय झाला असे तुम्हांस वाटेल. परंतु संस्थेच्या मूळ नियमांत बदल करावयाचा तर दोन-तृतीयांश मते, म्हणजे शंभरांपैकी किमान सदुसष्ट मते, मिळावी लागत. ठराव पडला. तथापि, दगडाला चीर पडली होती. संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष कॉलिन इंगलबी-मॅकेन्झी हेच बदलाच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी तिसरे मतदान झाले आणि सुमारे सत्तर टक्के सभासदांनी अनुकूल कौल दिला. दोनशे अकरा वर्षांचा नियम एका सायंकाळी मोडीत निघाला.

मार्च १९९९ मध्ये दहा स्त्रियांना या संस्थेचे सन्माननीय आजीव सभासदत्व देण्यात आले. त्यांत रेचेलबाई तर होत्याच, शिवाय बेटी आर्चडेल नावाच्या एक्याण्णव वर्षांच्या वृद्ध बाईही होत्या. १९३४ मध्ये ब्रिस्बेन येथे स्त्रियांचा जगातील पहिला कसोटी सामना झाला, त्यात त्या इंग्लंडच्या कर्णधार होत्या. पुढे त्या कायद्याचा अभ्यास करून बॅरिस्टर झाल्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडल्यामुळे त्यांच्या आईला तुरुंगवास घडला होता. मुलीने न्यायाचे शास्त्र शिकावे, हे त्या घराण्याला साजेसेच होते. या दहा जणींमध्ये नेटा ऱ्हाइनबर्ग याही होत्या. स्त्रियांच्या क्रिकेटचा इतिहास त्यांनी व रेचेलबाईंनी मिळून १९७६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला होता. मैदान, लेखणी आणि कायदा या तिन्ही वाटांनी आलेल्या स्त्रिया एकाच दारातून आत गेल्या, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण नव्हे काय?

दार उघडले, एवढ्याने रेचेलबाईंचे समाधान झाले नाही. आत जाऊन नुसते खुर्चीत बसणे निराळे आणि निर्णयात भाग घेणे निराळे. २००४ मध्ये या संस्थेच्या मुख्य समितीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. जानेवारी २०११ मध्ये त्यांची नेमणूक ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, झाली. कायद्याचा मसुदा, ज्याला विधेयक म्हणतात, या सभागृहापुढेही चर्चेसाठी येतो. रेचेलबाईंनी कायद्याची पदवी घेतलेली नव्हती. परंतु एखादा नियम कोणाला सावली देतो व कोणाला उन्हात उभे करतो, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या.

१८ जानेवारी २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २३ जुलै रोजी लॉर्ड्सवर स्त्रियांच्या विश्वचषकाचा अखेरचा सामना इंग्लंड आणि भारत यांच्यात झाला. मैदान प्रेक्षकांनी फुलून गेले होते. मुंबईच्या पूनम राऊत हिने ८६ धावा काढल्या, तरी भारताचा अवघ्या ९ धावांनी पराभव झाला. पुढे २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे दक्षिण आफ्रिकेला हरवून भारताच्या मुलींनी तोच विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती. एका व्यायामशिक्षिकेने १९७३ मध्ये लावलेल्या रोपाचे फळ अशा रीतीने आपल्या अंगणातही पडले.

नियम माणसेच करतात, म्हणून ते माणसांना बदलताही येतात. मात्र त्यासाठी तीन गोष्टी लागतात. प्रथम आपले काम इतके उत्तम करावे की, कोणाला ते नाकारता येऊ नये. मग ते काम लोकांपुढे स्पष्ट शब्दांत मांडावे. आणि अखेरीस, जेथे निर्णय होतात तेथे जाऊन, एकदा हरलो तरी पुन्हा मत मागावे. रेचेलबाईंनी हेच केले. २०२२ मध्ये लॉर्ड्स मैदानाच्या एका प्रवेशद्वाराला हेहो-फ्लिंट यांचे नाव देण्यात आले. आज त्या दारातून मुलगे आणि मुली सारख्याच हक्काने आत जातात.

शब्दार्थ

पदरमोड करणे – स्वतःजवळचा पैसा खर्च करणे.
जमेस धरणे – हिशेबात घेणे, गणना करणे.
सनदशीर – कायद्याला धरून असलेला.
आजीव – जन्मभर टिकणारे.
विधेयक – संमतीसाठी सभागृहापुढे मांडलेला कायद्याचा मसुदा.
मोडीत निघणे – रद्द होणे, निरुपयोगी ठरणे.

स्वाध्याय

१. पोलिसांनी नाव टिपून घेतले नाही, याचा रेचेलला राग का आला?
२. स्त्रियांच्या क्रिकेटभोवतीचे ‘दुष्टचक्र’ तुमच्या शब्दांत सांगा.
३. फेब्रुवारी १९९८ मध्ये निम्म्याहून अधिक मते मिळूनही ठराव का पडला? मूळ नियम बदलण्यासाठी दोन-तृतीयांश मतांची अट घालण्यामागे कोणता हेतू असेल?
४. ‘आत जाऊन नुसते खुर्चीत बसणे निराळे आणि निर्णयात भाग घेणे निराळे’ या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पाय रोवून उभे राहणे, मनाला झोंबणे, कौल देणे.
६. तुमच्या शाळेतील किंवा गावातील, न लिहिलेली पण सर्वजण पाळतात अशी एखादी रूढी शोधा. ती योग्य आहे की बदलावी, याविषयी दहा ओळी लिहा.