लांब केसांचा मेंढपाळी कुत्रा : साधनांची निवड आणि निगा

थंड प्रदेशात मेंढ्या राखण्यासाठी जोपासलेल्या कुत्र्यांच्या जाती आता आपल्या शहरांतच नव्हे, तर गावांतही पाळल्या जातात. स्कॉटलंडमधील लांब केसांचा कोली आणि १८९९ पासून जर्मनीत पद्धतशीर पैदास होत आलेला जर्मन शेफर्ड ही त्यांची परिचित उदाहरणे होत. आपल्याकडील धनगरांच्या कळपाबरोबर चालणारा गावठी कुत्रा मात्र बहुधा आखूड केसांचा व सडपातळ अंगाचा असतो. या मातीला व उन्हाला साजेसे शरीर त्याला लाभले आहे. लांब केसांच्या पाहुण्याला ते लाभलेले नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. मे २०१३ मध्ये तर येथे ४७.९ अंशांची नोंद झाली. अशा हवेत या कुत्र्याची साधने हौसेने घ्यावयाची नसून त्याचा जीव जपण्यासाठी घ्यावयाची आहेत, हे पाळणाऱ्याने प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

केसांचे दोन थर

या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. बाहेरचे केस लांब व राठ असतात, तर आतली लव मऊ व दाट असते. बाहेरचा थर ऊन व पाऊस अडवितो. आतली लव थंडीत ऊब धरून ठेवते आणि ऋतू पालटताना मोठ्या प्रमाणात गळते. उन्हाळा आला की कुत्र्याचे सर्व केस भादरून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. ती हितकारक नाही. केस गेल्याने कातडी उघडी पडून उन्हाने भाजते आणि काही कुत्र्यांचे केस पुन्हा पूर्वीसारखे येत नाहीत. गळलेली लव विंचरून काढली म्हणजे केसांत हवा खेळती राहते व तेवढ्यानेच पुष्कळ काम होते.

आवश्यक साधने

याकरिता मोजकीच साधने पुरतात. लांब, बोथट दातांचा ब्रश रोजच्या विंचरण्यासाठी. आतल्या लवेपर्यंत पोहोचणारे लहान दाताळे गळतीच्या दिवसांसाठी. आणि विरळ-दाट दातांचा धातूचा कंगवा गुंता राहिला किंवा कसे, हे तपासण्यासाठी. यांखेरीज बोथट टोकाची कात्री, नखे कापण्याची कात्री व गोचीड काढण्याचा चिमटा घरात असावा. दाते हाताच्या मनगटावर फिरवून पाहावेत. आपल्याला टोचतात ते कुत्र्यालाही टोचतात.

विंचरताना केस हाताने बाजूला सारून, कातडी दिसेल अशा ओळी पाडीत जावे. वरवर ब्रश फिरविल्यास केस चकचकीत दिसतात, पण आत जटा वाढत राहतात. कानांमागे, काखेत व मांड्यांच्या मागे त्या लवकर होतात. स्नानापूर्वी गुंता अवश्य सोडवावा, कारण पाण्याने जट अधिकच आवळते. स्नान चार ते सहा आठवड्यांनी पुरे. माणसांचा साबण कुत्र्याच्या कातडीला मानवत नाही; कुत्र्यांसाठीचा शाम्पू वापरावा आणि तो पूर्णपणे धुऊन काढावा.

ऋतुमानानुसार काळजी

उन्हाळ्यात फिरावयास नेणे सूर्योदयापूर्वी किंवा रात्री उशिरा करावे. हाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तो रस्ता कुत्र्याच्या पंजांनाही सोसणार नाही. कुत्रा मुख्यत्वे धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. म्हणून कूलर लावलेल्या खोलीची खिडकी उघडी असावी. कोंदट, दमट हवेत धापेचा उपयोग होत नाही. निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांवर जाणे उष्माघाताचे लक्षण होय. अशा वेळी अंगावर ओले पोते गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता कोंडते. पोटावर व पायांवर गार पाणी ओतीत राहून पंख्याचा वारा द्यावा आणि मग त्वरेने पशुवैद्यकाकडे न्यावे.

पावसाळ्यात ओली लव हा खरा शत्रू ठरतो. ती कातडीपर्यंत वाळविली नाही, तर बुरशी व चिघळणाऱ्या जखमा होतात. म्हणून सुती पंचे व शक्य असल्यास केस वाळविण्याचे यंत्र जवळ ठेवावे. यंत्राचा झोत गरम नसावा. पावसाळा सरता सरता माळरानावरील गवताला कुसळे येतात. ती केसांत अडकून बोटांच्या बेचक्यांत व कानांत शिरतात, कातडी भेदून आत जातात. त्या दिवसांत फिरून आल्यावर पंजे व कान रोज तपासावेत. पंजांतील केस कात्रीने आखूड ठेवावेत.

पट्टा, दोरी व मुसके

साधन हे प्रदेशाच्या गरजेतून जन्मते. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा बांधतात, कारण तेथे बिबट्या गळा धरतो. आपल्याकडे घरच्या कुत्र्याला त्याची गरज नाही. लांब केसांसाठी गोल वळलेला, आत दोन बोटे सहज जातील इतका सैल पट्टा चांगला. रुंद पट्ट्याने मानेवरील केस घासून तुटतात. लोखंडी साखळी उन्हात तापते, म्हणून सुती किंवा नायलॉनची दोरी घ्यावी. मुसके जाळीचे व तोंड उघडता येईल असे असावे. तोंड आवळून बांधल्यास धापा टाकता येत नाहीत आणि उन्हाळ्यात हे प्राणघातक ठरू शकते.

गोचीड आणि औषधे

दाट केसांत गोचीड सहज लपतात. ते उतरविण्यासाठी कुत्र्यावर रॉकेल ओतणे किंवा कपाशीवर फवारावयाचे कीटकनाशक लावणे हा प्रकार अत्यंत धोक्याचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, हे आपण विसरलेलो नाही. कुत्रा तर आपले अंग चाटतो. गोचीड भिंतींच्या भेगांत अंडी घालतात. म्हणून कुत्र्याची जागा झाडून, भेगा बुजवून घेणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. मेंढ्या-शेळ्यांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे इंजेक्शन पुष्कळदा घरच्या कुत्र्यालाही टोचले जाते. कोली व त्याच्या नात्यातील अनेक कुत्र्यांमध्ये एका जनुकातील दोषामुळे हे औषध मेंदूत शिरते. कुत्रा झोकांड्या खातो, लाळ गाळतो, बेशुद्ध पडतो व दगावतोही. या दोषाचा शोध २००१ साली अमेरिकेत लागला. म्हणून मेंढीचे औषध मेंढपाळी कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून कदापि देऊ नये.

नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून कार्यरत आहे आणि पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखानेही उपलब्ध आहेत. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती लोकांपर्यंत पोहोचवावी, आणि रेबीजची लस दरवर्षी टोचून घेण्याचा आग्रह धरावा.

ब्रश आणि पट्टा बाजारात मिळतात. रोजची पंधरा-वीस मिनिटे आणि उन्हाळ्यातील गार जागा मात्र घरच्यांनाच द्यावी लागते. ती देण्याची तयारी नसेल, तर लांब केसांचा कुत्रा न आणता दारातील गावठी पिल्लू सांभाळावे. तेही तितकेच इमानी असते, आणि येथले ऊन त्याला ठाऊक असते.