बर्फाच्या सहलीची आखणी : कोर्तिना दाम्पेत्सो

नकाशा वाचता येणे म्हणजे नकाशातील नावे पाठ असणे नव्हे, असे मी भूगोलाच्या तासाला विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो आहे. हे वाक्य माझ्यावरच उलटेल अशी मात्र कल्पना नव्हती. गेल्या दिवाळीत म्युनिकला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, पुढच्या हिवाळ्यात तुम्ही इकडे या. आपण तिघं इटलीत कोर्तिनाला आठवडाभर स्कीइंगला जाऊ. आखणी मात्र तुम्ही करायची."

कोर्तिना दाम्पेत्सो हे नाव मी ऐकून होतो. १९५६ चे हिवाळी ऑलिंपिक तेथे भरले होते आणि ऑस्ट्रियाच्या टोनी सायलरने उतारावरील तिन्ही शर्यतींत सुवर्णपदके मिळविली होती. १९८१ च्या एका जेम्स बाँडपटातील बर्फावरचा पाठलागही तेथलाच. पुढे २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकचा मान मिलानबरोबर याच गावाला मिळाला. एवढ्या सामग्रीवर मी दोन दिवसांत बेत तयार केला : फेब्रुवारीचा मध्य, कोर्सो इतालिया या मुख्य रस्त्यावरील हॉटेल आणि सलग सहा दिवस स्कीइंग.

हा बेत मी द्वितीय वर्षाच्या वर्गात उदाहरण म्हणून फळ्यावर मांडला. दुसऱ्या बाकावरील एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, "सर, तुम्हाला स्कीइंग येतं का?"

वर्ग हसला, मीही हसलो; पण घरी जाऊन तो बेत फाडला. मी आखलेली सहल माझी नव्हती, चित्रांतली होती. त्यानंतर वर्गाने आणि मी मिळून जी आखणी केली, तिचा हा वृत्तांत. मित्रहो, बर्फाच्या देशी जाण्याचा योग सर्वांना येईलच असे नाही. पण कोणतीही आखणी करताना हेच प्रश्न याच क्रमाने विचारावे लागतात.

१. स्थळ कसे आहे?

कोर्तिना हे ईशान्य इटलीत, व्हेनेतो प्रांताच्या बेल्लुनो जिल्ह्यात, बोइते नदीच्या खोऱ्यात वसलेले लहानसे गाव. उंची सुमारे १२२४ मीटर. हा आकडा ऐकून वर्ग चकित झाला, कारण आपले महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंच आहे. मग तेथे बर्फ आणि येथे स्ट्रॉबेरी, हे कसे? उत्तर अक्षांशात आहे. कोर्तिना साडेशेहेचाळीस उत्तर अक्षांशावर, महाबळेश्वर अठराच्या आसपास. जानेवारीच्या मध्याला बेळगावात दिवस सव्वाअकरा तासांचा असतो, तर कोर्तिनात जेमतेम नऊ तासांचा. त्यातही सूर्य डोंगराआडून उशिरा वर येतो आणि लवकर बुडतो.

उंची वाढते तसे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे आपण पुस्तकात वाचतो. गावाशेजारचे तोफाना दि मेत्सो हे शिखर ३२४४ मीटरांचे आहे. म्हणजे गावात शून्य अंश असेल, तर शिखरावर उणे तेरा! कपड्यांची यादी वर्गाने या एका गणितावरून केली. एक जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक तीन पातळ थर घालावेत. वर जाताना वाढवावेत, उतरताना काढावेत.

हे डोंगर डोलोमाइट खडकाचे. फ्रेंच भूवैज्ञानिक दोलोमिए याने अठराव्या शतकाच्या अखेरीस या खडकाचे वर्णन केले. त्याच्यावरून खडकाला आणि पुढे साऱ्या पर्वतरांगेला नाव पडले. आज जेथे बर्फ आहे तेथे वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उष्ण, उथळ समुद्र होता. मावळतीला हे कडे गुलाबी होतात. २००९ साली युनेस्कोने या रांगांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

२. केव्हा जावे?

हंगाम साधारणपणे डिसेंबरच्या आरंभापासून एप्रिलपर्यंत असतो. त्यात नाताळापासून ६ जानेवारीच्या सणापर्यंतचे दिवस आणि फेब्रुवारीतील कार्निव्हलचे दिवस सर्वांत गर्दीचे व सर्वांत महाग. मी नेमका दुसरा काळ निवडला होता. इटालियन लोक बर्फातील सुटीला 'पांढरा आठवडा' म्हणतात. ६ जानेवारीनंतर महिनाअखेरपर्यंत हाच आठवडा पुष्कळ स्वस्त पडतो. थंडी अधिक असते, पण बर्फही चांगला टिकतो.

मात्र बर्फ गृहीत धरता येत नाही. अलीकडे खालच्या उतारांवर नैसर्गिक बर्फ अपुरा पडतो, म्हणून पाणी आणि दाबाखालची हवा यांच्या साहाय्याने तो तयार करतात. त्यालाही थंड व कोरडी हवा लागते. यासाठी आमच्या बेतात बर्फाविना घालवायचा एक दिवस आधीच राखून ठेवला.

३. कसे जावे?

कोर्तिनाला आज रेल्वे नाही. व्हेनिसहून बस येते. म्युनिकहून निघणाऱ्याने ब्रेनर खिंडीतून फोर्तेत्सा येथे गाडी बदलून दोब्बियाकोला उतरावे. तेथून बसने सुमारे तीस किलोमीटर. आम्ही हा मार्ग धरला. भारतीय नागरिकाला शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासोबत किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. याशिवाय इटलीत २०२२ पासून, आपल्या हातून दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा वेगळा विमा असल्याशिवाय उतारावर उतरता येत नाही. हेल्मेटही हवेच. दोन्ही विमे वेगळे आहेत, हे माझ्या पहिल्या बेतात निसटले होते.

४. तेथे काय करावे?

येथे त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर देणे भाग होते. इटलीत स्कीइंगच्या वाटा रंगांनी ओळखतात : निळी सोपी, लाल मध्यम, काळी कठीण. कोर्तिनात तोफाना, फालोरिया-क्रिस्ताल्लो आणि लागात्सुओई-चिंक्वे तोर्री असे मुख्य भाग आहेत. १९७४ साली सुरू झालेल्या सामाईक पासावर डोलोमाइटमधील बारा विभागांतील सुमारे १२०० किलोमीटरच्या वाटा खुल्या होतात. भाची आणि जावई यांच्यासाठी तो पास योग्य. पण उभे राहायलाही शिकायचे आहे, त्या माणसाने १२०० किलोमीटरांचे पैसे का भरावेत? माझ्यासाठी सोक्रेपेसच्या सौम्य उतारावर शिक्षकाकडे तीन सकाळी, एवढेच ठरले. माझ्या उजव्या गुडघ्यालाही ते मान्य आहे.

उरलेल्या दिवसांचे काय? याचे उत्तर जुन्या नकाशात सापडले. कालाल्त्सो, कोर्तिना आणि दोब्बियाको यांना जोडणारी डोलोमाइट रेल्वे पूर्वी या खोऱ्यातून धावत असे. १९६४ साली ती बंद पडली आणि रूळ निघाले. तो मार्ग आता उन्हाळ्यात सायकलींसाठी आहे. कोर्तिना ते दोब्बियाको या भागात हिवाळ्यात सपाटीवरच्या स्कीइंगची वाट असते. वर्गातील एका मुलाने लगेच कारण सांगितले : "सर, आगगाडीला मोठा चढ चालत नाही. म्हणजे वाट सौम्यच असणार." कोर्तिना १२२४ मीटरांवर, वाटेतील चिमाबांके खिंड सुमारे १५३० मीटरांवर आणि मधले अंतर पंधरा किलोमीटरांच्या आसपास. चढ शेकडा दोनच्या जवळपास. पन्नाशी उलटलेल्या नवशिक्यासाठी याहून चांगली वाट कोणती? माझ्या दोन दिवसांची सोय त्या मुलाने केली.

५. गाव कोणाचे?

हा प्रश्न प्रवासाच्या पुस्तकांत बहुधा मागे पडतो. कोर्तिनाचे मूळ रहिवासी लादिन भाषा बोलतात. १५११ पासून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हे गाव ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडे होते. नंतर इटलीत आले आणि शेजारच्या लादिन खोऱ्यांपासून प्रशासनाच्या दृष्टीने वेगळे पडले. २००७ साली कोर्तिना आणि शेजारच्या दोन लादिन गावांनी प्रांत बदलण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. गावे मात्र अजून व्हेनेतोतच आहेत. मराठी आणि कन्नड मुले एका बाकावर बसणाऱ्या आमच्या वर्गात हे वाचून झाल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही. यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

दुसरी गोष्ट रेगोले नावाच्या संस्थेची. येथील राने आणि कुरणे शतकानुशतके मूळ कुटुंबांच्या सामाईक मालकीची आहेत. ती वाटून घेता येत नाहीत, विकता येत नाहीत. गोव्यातील गावकारी ठाऊक असलेल्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. १९९० पासून तेथील निसर्गोद्यानाचा कारभारही रेगोलेच पाहतात. दुसरीकडे, २०२६ च्या ऑलिंपिकसाठी बर्फावरील घसरगाडीचा मार्ग नव्याने बांधताना लार्चची शेकडो झाडे तोडली गेली आणि त्यावर बराच वाद झाला. ज्या झगमगाटाने मला प्रथम भुलविले, त्याची किंमत कोणीतरी मोजत असते, हे मला आखणी करतानाच कळले. बर्फाविना राखलेला दिवस आम्ही रेगोलेच्या लोकजीवन संग्रहालयाला दिला आहे.

असो. येत्या जानेवारीत, दहा तारखेनंतर, आम्ही निघू. हॉटेल मुख्य रस्त्यावरचे नाही, बसथांब्याजवळचे आहे. बेताचा शेवटचा कागद मी वर्गात पुन्हा फळ्यावर मांडला. त्या विद्यार्थिनीने तो वहीत उतरवून घेतला आणि विचारले, "सर, परत आल्यावर चूक कुठं झाली तेही सांगाल ना?"

सांगेन, असे मी कबूल केले आहे.